खिडकीजवळ बसवूनही आजीचा अर्धा चेहरा काळा का येतो?

नवशिका: फोटोसाठी आजीला खिडकीला खेटून बसवलं, ५० एमएम लेन्स, एफ/२.८ (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं). उजेडाकडचा गाल पांढराफटक, दुसरा काळाठिक्कर. वर चष्म्यात अख्खी खिडकी! कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर आजी भिंतीला चिकटवल्यासारखी दिसते.

उजेडवेडा: खेटून नको, तीन-चार फूट आत घ्या. जवळ उजेड इतका झपाट्याने उतरतो की दोन गालांतही फरक पडतो. चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवा. अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की थांबा. रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात ते हेच. सावलीच्या बाजूला फ्रेमबाहेर पांढरा थर्माकोल धरा, उजेड त्यावरून उलटून काळ्या गालावर पडेल. आणि घरातला दिवा बंद! दोन रंगांचे उजेड मिसळले की त्वचा आजारी दिसते.

जुनाकॅमेरा: थर्माकोल फार जवळ नको हं. सुरकुत्या पुसल्या तर आजी राहिली कुठे? चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला, काचा खाली झुकतात, खिडकी गायब.

नवशिका: काड्यांची युक्ती जमली! थर्माकोल भावाने धरला, तोही अर्धा फ्रेममध्ये. आजी म्हणते, आता हसू की नको ते सांग.