संभाजीनगर जिल्हा पाहायला येणाऱ्यांना पैठण दाखवावे का?

गोदातीर (धागाकर्ता)

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते. पहिल्या दिवशी देवगिरी, वेरूळ आणि घृष्णेश्वर, सायंकाळी बीबी का मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि मग परतीची गाडी. या यादीत पैठण नसते. शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे गाव सातवाहनांची राजधानी होते आणि एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती इथेच, १५८४ साली. तरीही बहुतेकांच्या दृष्टीने पैठण म्हणजे जायकवाडीचे धरण आणि दुकानातली पैठणी.

माझे म्हणणे असे, की लेण्यांमध्ये आपण जे पाहतो ते घडवणारे हात केव्हाच थांबले; पैठणला मात्र वारसा अजून चालू आहे. नाथवाड्यातला रांजण पाहा. श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष कृष्णाने नाथांच्या घरी कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून भाविक तो रांजण गोदावरीच्या पाण्याने भरू लागतात. घागरीमागून घागर रिकामी होत राहते आणि ज्याच्या हातच्या पाण्याने रांजण ओसंडतो, त्याच्या रूपाने देव आला असे मानून त्याचा मान करतात. फाल्गुन वद्य षष्ठीच्या यात्रेत हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला या जिल्ह्याची ओळख केवळ दगडात शोधावीशी वाटणार नाही. पैठणला वेरूळच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

लेणीमित्र

मी पर्यटकांना लेण्यांची माहिती सांगण्याचे काम करतो आणि या प्रस्तावाला माझा विरोध आहे. पैठणविषयी अनादर नाही, पण यादीत आणखी एक नाव घातले की आधीची नावे अधिक घाईने उरकली जातात, हे मी रोज पाहतो.

वेरूळला ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. आलेल्यांपैकी फार मोठा भाग सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून बसमध्ये परततो. जैन लेणी थोडी दूर उत्तरेला असल्यामुळे तिथे भर हंगामातही शांतता असते. खुद्द कैलास तरी नीट कुठे पाहिले जाते? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत आणून घडवले आहे, हे मी प्रांगणात उभे राहून कितीही सांगितले तरी ऐकणाऱ्याला ते पटत नाही. बाजूच्या वाटेने वर चढून कड्यावरून खाली पाहिले, मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसले, की एक शब्दही न बोलता ते कळते. त्या चढाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सहलीच्या वेळापत्रकात नसतो.

शिवाय अजिंठा उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर, वेरूळ वायव्येला आणि पैठण दक्षिणेला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. दोन दिवसांसाठी आलेल्याने हे सारे कसे बसवावे?

वाळवंट

माझाही विरोध आहे, पण कारण वेगळे आहे. आमच्या घरी षष्ठीची वारी आहे. रांजणासमोर रांगेत उभा असलेला माणूस काही पाहायला आलेला नसतो. त्याच्या हातात घागर असते. त्या रांगेशेजारी पाहणाऱ्यांसाठी वेगळी जागा आखली गेली, की घागर वाहणाऱ्याचा खेळ होतो. वारीच्या दिवसांत गावावर पडणारा भार आधीच मोठा आहे. ज्याला यायचे आहे त्याने वारकरी होऊन यावे. नाथांचे दार कोणालाही बंद नाही. परंतु त्याला स्थळदर्शनाच्या यादीतला क्रमांक देऊ नका.

गोदातीर

वाळवंट यांचा आक्षेप मला मान्य आहे. षष्ठीच्या गर्दीत पर्यटक आणावेत, ही सूचना मी मागे घेतो. वर्षातले इतर दिवस मात्र मोकळे आहेत. मागावर पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी फिरते आणि मोराचे पीस दोन्ही बाजूंनी सारखेच उमटते. हे विणकराच्या शेजारी बसून पाहण्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

लेणीमित्रांना मात्र एक विचारायचे आहे. वेळ कमी आहे हे खरे, पण जिथे आपण थांबतोच तिथे तरी नाथांची आठवण का निघत नाही? देवगिरीवर अंधारीतून, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेतून, चढताना भिल्लम यादव, अलाउद्दीन, तुघलकाने हलवलेली राजधानी हे सारे सांगितले जाते. याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि पैठणचा कोवळा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आला, हे किती जण सांगतात? खुलताबादजवळचे सुलीभंजन, जिथे नाथांनी तप केले असे मानतात, वेरूळच्या वाटेपासून फार दूर नाही. तिथले नाव कानावर पडले, तर माणूस पुढच्या खेपेला स्वतःहून पैठणला जाईल.

जुनी वेस

ही गोष्ट सांगायचीच तर अर्धी सांगू नका. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून चाँद बोधले या सूफी सत्पुरुषाचे नाव सांगणारी परंपरा आहे. नाथांनी स्वतः हिंदू-तुर्क संवाद लिहिला. ज्या खुलताबादेत लोक भद्रा मारुतीला जातात, तिथेच बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत, मलिक अंबरची कबरही आहे. हे सारे एकाच पठारावर, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदले. नाथांचा मार्ग आखताना हे शेजार गाळले, तर नाथच ओळखू येणार नाहीत.

लेणीमित्र

देवगिरीविषयीची चूक माझ्याही पदरात पडते. वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे हे मला ठाऊक असूनही, चढून दमलेल्या लोकांना मी तोफ दाखवतो आणि खाली आणतो. यापुढे तिथे थांबेन, आणि चाँद बोधल्यांचेही नाव घेईन. दोन दिवसांच्या सहलीत पैठण कोंबण्याला माझा विरोध मात्र कायम आहे. ज्याच्याकडे तिसरा दिवस असेल, त्याने तो पूर्ण दिवस पैठणलाच द्यावा, आणि सकाळी लवकर निघावे, म्हणजे माग चालू असताना पोहोचता येईल.