ओ यू जी एच वाले शब्द आहेत का कोणाकडे?

ऋजू: कोणी जागं आहे का, ओ यू जी एच असलेले शब्द गोळा करतेय, थ्रू टफ कफ नकोत ते सगळ्यांना येतात, असले पायजेत की समोरचा गप्प बसेल 😈

मीनाआत्या: स्लफ घे. एस एल ओ यू जी एच, सापाची कात

ऋजू: आत्या मी तर स्लाऊ वाचलंय, इंग्लंडात त्या नावाचं गाव पण आहे

मीनाआत्या: तेही बरोबर गं. गाव स्लाऊ, दलदल पण स्लाऊ, कात तेवढी स्लफ

संजूकाका: म्हणून म्हणतो आपली मराठी बरी, बोलतो तसं लिहितो

वहिनी: काका, जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण, दोन्ही मोठ्याने म्हणून बघा बरं 😄

संजूकाका: माझ्या वयावर घसरू नकोस. ऋजू चफ लिही, सी एच ओ यू जी एच, कावळ्याच्या कुळातला पक्षी, पाय लालभडक, हिमालयात पण असतो

ऋजू: पण या जी एचचा कुठे फ होतो कुठे गायब, नियम काय??

मीनाआत्या: नियम वगैरे शोधू नकोस. जुन्या इंग्रजीत तिथे खरंच उच्चार होता, घसा खरवडून काढतात तसा ख, जर्मनमधे अजून आहे बघ, मग हळूहळू बोलण्यातून तो गेला, काही शब्दांत साफ गळाला काहींत त्याचा फ झाला, पण १४७६ ला कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि पुढे छापील स्पेलिंग जुनंच राहिलं, तोंड पुढे गेलं आणि अक्षरं मागे. जुना आवाज ऐकायचाय तर आयर्लंडमधे तळ्याला लॉख म्हणतात, एल ओ यू जी एच

दादा: हिकप पण तसंच लिहितात ना कधीकधी

मीनाआत्या: ती वेगळीच गंमत रे, तिथे ख कधी नव्हताच! उचकीच्या आवाजावरून हिकप आला, लोकांना वाटलं यात खोकला असणार म्हणून मागे कफचं स्पेलिंग चिकटवलं 🤦 उच्चार हिकपच

संजूकाका: रॉट आयर्न घ्या, डब्ल्यू आर ओ यू जी एच टी. वर्कचं जुनं भूतकाळी रूप, म्हणजे घडवलेलं लोखंड. ग्रिलवाला रॉड आयर्न म्हणायचा आणि मी पण कित्येक वर्षं तेच म्हणत होतो 😅

ऋजू: मस्तच. मला सफ सापडला, एस ओ यू जी एच, झाडांतून वारा जातो तो आवाज, साऊ पण म्हणतात

वहिनी: सळसळ. हा आवडला

दादा: ब्रूम, लॉर्ड ब्रूमच्या नावावरून पडलेली एका घोड्याची बंद गाडी. स्पेलिंगमधे ओ यू जी एचच्या मागे अजून ए एम, ऐकायला झाडू

वहिनी: आणि फर्लो? डच शब्दावरून आलाय, सैनिकाची रजा. पेपरात येतं बघ, कैद्याला फर्लो मंजूर

ऋजू: थांबा थांबा, फर्लो इंग्रजी आहे???