कुत्र्याची खाज: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

निवांत_सांगलीकर
काल गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. मेकॅनिकने खालचा नट काढला, जळकं ऑइल डब्यात पडायला लागलं आणि त्या वासानं मी थेट चौथीत जाऊन बसलो.

आमचा खंड्या. पाठीवरचे केस गेलेले, कातडं हत्तीसारखं, कानांच्या कडांना पांढरे पापुद्रे. रात्रभर खाजवताना त्याचा पाय दाराच्या फळीवर थाड थाड आपटायचा. अण्णांनी गॅरेजमधून ऑइल आणलं, त्यात गंधक कालवलं आणि रंगाच्या ब्रशनं फासलं. गल्लीत सगळे हेच करायचे. खंड्या चाटत बसला, मग दोन दिवस ओकत होता. आज्जीनं रिठ्याच्या पाण्यानं तीनदा धुतला तरी ते काळं निघेना. वाचला बिचारा, पण त्यानंतर अण्णांच्या हातात दुधाचा डबा दिसला तरी गोठ्यामागं पळायचा.

पुढं आज्जीच्या पोटावर आणि माझ्या मांडीवर पुरळ. आम्ही आपलं उष्णता म्हणून सब्जाचं पाणी पितोय. निघाली खरूज, खंड्याकडूनच आलेली.

आता घरी बिट्टू आहे, दीड वर्षाचा. तो पंजे चाटून चाटून तांबडे करतोय. लिहा आपापलं.

चहाबाज
सब्जाचं पाणी 😂😂 आमच्याकडे उष्णतेवर सगळं खपायचं. कुत्र्यालाही ताक पाजलंय.

कुंदाची_आई
आमची लॅब्राडोर, शेपटीच्या मुळाशी सगळं उघडं. चिकन बंद केलं, शाम्पू बदलला, खोबरेल लावलं (सोफ्याची वाट लागली). मी छातीठोक सांगत होते, आमच्याकडे पिसवा नाहीत, मी रोज बघते. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. बारीक दातांची फणी फिरवली, मिरपुडीसारखे काळे दाणे निघाले ते ओल्या टिश्यूवर ठेवले. मिनिटभरात लालसर डाग. पिसवांची विष्ठा, म्हणजे तिचंच पचलेलं रक्त. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ॲलर्जी असेल तर एकदोन चावे पुरतात म्हणे, आणि पिसवा ती स्वतःच चावून चाटून गिळते, म्हणून दिसत नाहीत. अंगावर असतात त्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष घरात. कोष तर महिनोन्‌महिने पडून राहतात. गोळी दर महिन्याला चालू ठेवली आणि दिवाणाखालचं सगळं कढत पाण्यात काढलं. त्यात सासूबाईंची गोधडी आटली, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

भाकरतुकडा
गोधडी हाताची शिवलेली होती का?

कुंदाची_आई
हो ना, त्यांच्या आईच्या लुगड्यांची. नका विचारू.

रानमांजर७
घरात मांजर असेल तर थांबा! कुत्र्याच्या पिसवांचं जे औषध मानेवर टाकतात, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विष. माझी मनी कुत्र्याला टेकून झोपली आणि थरथरायला लागली. रात्री अकराला रिक्षा शोधत होते. वाचली. आता डबीवरचं अक्षर न् अक्षर वाचते.

पाऊसवेडा_चिपळूण
आमच्याकडे जून ते सप्टेंबर एकच रोग, ओला कुत्रा. पट्ट्याखाली एका रात्रीत तळहाताएवढं चिघळलं होतं. केस कापले, जागा कोरडी ठेवली, पट्टा काढून टाकला, आठवड्यात खपली. पट्टा नाही म्हणून साहेब शेजारच्यांच्या सुकटीवर जाऊन आले. त्यांनी आता बोलणं सोडलंय.

जर्सीवाली_मावशी
सांगलीकर, पंजे, काखा, पोट आणि कान असं आहे का? आमच्या बंड्याचं तसंच, अडीच वर्षांचा असताना सुरू झालं. परागकणांची ॲलर्जी. ती बरी होत नाही, सांभाळायची. इथे अमेरिकेत २०१३ मध्ये ऑक्लासिटिनिब (कुत्र्यांच्या खाजेवरची गोळी) आलं, त्याआधीच्या आमच्या कुत्रीला स्टेरॉइडच द्यायचो. ती पाणी पिऊन पिऊन घरभर मुतायची. बंड्या बागेतून आला की पाय पुसते, तेवढ्यानंही फरक पडतो.

पक्या_पुणे
खाण्याची ॲलर्जी आहे का बघायला ८ आठवडे फक्त मासा आणि बटाटा, दुसरं काही नाही, असं ठरलं. सातव्या आठवड्यातही खाज तशीच. मग बाबांच्या बंडीच्या खिशात ग्लुकोज बिस्किटांचा चुरा सापडला. "एवढंसं तर देतो रे, तोंडाकडं बघवत नाही." पुन्हा पहिल्यापासून.

चहाबाज
बाबांना पण मासा-बटाटा द्या.

पक्या_पुणे
ते सीकेपी आहेत, त्यांना शिक्षा नाही होणार ती

सुईदोरा
भाची पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला धागा वाचून दाखवला. ती म्हणते खंड्याची खरूज नक्की, कानांच्या कडा तिथंच सांगतात. कानाची कड चोळायची, मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय पक्का. कातडं खरवडून काचेवर बघतात, पण किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असं नसतं. केस जाण्याचा दुसरा एक प्रकार असतो, डेमोडेक्स, तो माणसाला लागत नाही. आणि आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका, कॉली जातीच्या कुत्र्यांचा त्यानं जीव जाऊ शकतो.

आणखी एक म्हणाली, गंधक खरुजेवर खरंच चालतं. चुकलं ते ऑइल.

निवांत_सांगलीकर
सुईदोरा, हे अण्णांना वाचून दाखवायला नको होतं. ८१ वर्षांचे आहेत. सकाळपासून येईल त्याला "गंधक माझंच होतं" सांगत सुटलेत. ऑइलबद्दल विचारलं की ऐकू येत नाही.

बिट्टूचं मावशी म्हणतात तसंच दिसतंय, काखासुद्धा लाल आहेत. शनिवारी दाखवतो.

भाकरतुकडा
कुंदाची आई, गोधडीचा टाका उसवून आतली जुनी लुगडी निराळी करता येतात. आमच्या गल्लीत एक मावशी करून देतात. व्यनि (खासगी निरोप) करू का?