उपनगरी मॉल: चौक बांधायचा होता, बेट उभे राहिले

पेठकर (धागाकर्ता):

पुण्याजवळच्या वाकडला २०२३ मध्ये मोठा मॉल सुरू झाला, तेव्हापासून तिकडे राहणारी माझी मुलगी आणि मी यांच्यात एक वाद ठरलेला असतो. त्या बाजूच्या लोकांना घराबाहेर पडून निवांत जाण्यासारखी एक जागा अखेर मिळाली, असे ती म्हणते. जिथे शिरताना पिशवी तपासतात आणि निवांत बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते, त्या जागेला चौक म्हणू नये, असे माझे म्हणणे. घरात हा वाद मिटण्यासारखा नाही, म्हणून इथे मांडतो.

उपनगरी मॉल ज्याच्या नावाने ओळखला जातो तो व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ मध्ये तो अमेरिकेत आला. मिनेसोटा राज्यातील इडायना या उपनगरात त्याने आखलेले साउथडेल सेंटर ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडले. ७२ दुकाने, एकाच छताखाली दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर, मधोमध झाडे-कारंज्यांचे झाकलेले अंगण, बाहेर बर्फ पडो की ऊन तापो आत बारा महिने वसंत, आणि सभोवार सुमारे ५,००० मोटारींचे वाहनतळ, असे त्याचे रूप होते. पण ग्रूएनच्या मनात मॉल हा नव्या गावाचा फक्त मध्यभाग होता. त्याच्या आराखड्यात भोवती घरे, शाळा, दवाखाने, बाग आणि तळेही होते. मॉल झाला, आजूबाजूची जमीन महागली आणि ती जशी विकली जाईल तशी विकली गेली. अखेरच्या वर्षांत ग्रूएनने या मॉलांचे पितृत्वच नाकारले. माझा आक्षेप एवढाच आहे की, त्याने ज्याचे बापपण नाकारले तेच आपण विमाननगरपासून वाकडपर्यंत हौसेने आणले.

हडपसरकरीण:

पेठकर, आपण ज्या चौकाची आठवण काढता तो कोणाचा होता, हेही एकदा सांगावे. माझ्या सासूबाई चाकाच्या खुर्चीवर असतात. लक्ष्मी रस्त्यावर त्यांना घेऊन गेल्याला किती वर्षे झाली ते मला आठवत नाही, कारण तिथे पदपथावर विक्रेते, खाली दुचाक्या आणि स्वच्छ प्रसाधनगृह शोधायचे तर कुठल्यातरी उपाहारगृहात चहा मागवावा लागतो. (विकत घेतल्याशिवाय बसता येत नाही, ही तक्रार पेठेलाही लागू पडते.) मॉलमध्ये उद्वाहन आहे, उतार आहे, सावली आहे.

शिवाय आपल्या इतिहासातून हडपसर निसटले आहे. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, ती बिल्डरला न विकता स्वतःच कंपनी काढली आणि घरे, शाळा, बाग, आयटी कार्यालये अशी वसाहत उभारली. त्यानंतर या परिसरात एक मॉल २०११ मध्ये आणि दुसरा दोन वर्षांनी आला. म्हणजे ग्रूएनला जे साधले नाही ते आमच्याकडे उलट्या क्रमाने झाले: आधी गाव, मग मॉल. याला नक्कल म्हणायची असेल तर नक्कल मूळ प्रतीपेक्षा बरी निघाली.

हिशेबनीस:

दोघेही वास्तुरचनाकारावर फार भार टाकत आहात. १९५४ साली अमेरिकेने करकायदा बदलून नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांतच जास्त घसारा (इमारत जुनी होताना तिच्या किमतीत धरली जाणारी घट) दाखवण्याची मुभा दिली. इमारत भाडे आणून देत असली तरी वहीत तोटा दिसे आणि तो मालकाच्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा होई. अशा वेळी शहरातील जुनी इमारत डागडुजी करून वापरण्यापेक्षा बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवी बांधणेच फायद्याचे ठरले. त्यात १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलला. मग साउथडेलसारखे मॉल ठिकठिकाणी निघाले, यात नवल ते काय? ग्रूएन जन्मलाच नसता तरी मॉल झाले असते, फक्त अंगणात कारंजे नसते.

पुण्यातही रुची, संस्कृती वगैरे शब्द वापरण्याआधी जमिनीचा भाव आणि आयटीचा पगार पाहावा. नगर रस्त्यावरचा एक मॉल काही वर्षांतच गुंडाळून तिथे कार्यालये थाटली गेली. भाडे कशात जास्त, एवढाच तो प्रश्न होता.

शनिवारवाड्यामागे:

पेठकरांनी ज्या पेठेच्या बाजूने झेंडा उभारला आहे, तिथला बाजारसुद्धा असाच उचलून छताखाली नेलेला आहे. भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने नव्या मंडईची इमारत काढली, ती १८८६ मध्ये सुरू झाली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. त्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे सदस्य होते जोतीराव फुले. इमारतीवर उधळण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला आपण त्यांचेच नाव दिले. आज मंडई म्हणजे अस्सल पुणे. तेव्हा पन्नास वर्षांनी वाकडचा मॉलही कोणाला तरी अस्सल वाटेल, याची मानसिक तयारी असू द्यावी.

पेठकर:

मंडईचा मुद्दा मला लागला, हे कबूल करतो. घसाऱ्याचे गणितही मान्य आहे. मात्र कर कमी पडला म्हणून अमुक आकाराचीच इमारत का झाली, हे त्यातून कळत नाही. मंडई आणि मॉल यांत मला दिसणारा फरक छताचा नाही, काठाचा आहे. मंडईच्या इमारतीबाहेर पाऊल टाकले की तुळशीबाग लागते, बोहरी आळी लागते, आणि मंडईत काहीही न घेता माणूस आरपार निघून जातो. मंडईला आता भुयारी मेट्रोचे स्थानकही आहे, सप्टेंबर २०२४ पासून. साउथडेलच्या काठाला वाहनतळ होते. गेल्या दशकात त्यांनी आवारातच निवासी इमारती बांधल्या आणि बंद पडलेल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी २०१९ मध्ये व्यायामशाळा आणली, म्हणजे जे आधी करायचे ते साठ वर्षांनी. म्हणून हडपसरकरीणताईंना एकच विचारतो: आधी गाव, मग मॉल असे झाले असेल, तर आपल्या घरापासून मॉलपर्यंत आपण सासूबाईंना खुर्चीवरून ढकलत नेता का?

हडपसरकरीण:

नाही. अंतर पाचशे मीटरही नसेल, पण मध्ये रस्ता आहे आणि तो ओलांडायला आम्ही रिक्षा करतो. रिक्षावाले इतक्या जवळच्या भाड्याला कुरकुरतात, तेव्हा खुर्ची मिटवून डिकीत टाकते आणि मोटार काढते. मॉल मात्र मी सोडणार नाही. पदपथाबद्दल तुम्ही धागा काढलात तर पहिली सही माझी.