मदत हवी आहे: जुन्या अपाचीपुढे पाऊंड बसवला, पण लॉगिन गोल गोल फिरते

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची एका जुन्या मशीनवर चालते. वेबसर्व्हर अपाची २.४, प्रोग्रामसाठी पीएचपी ५.६, एन्क्रिप्शनसाठी ओपनएसएसएल १.०.१. सभासद लॉगिन करून पुस्तक राखून ठेवतात. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की जत्रेची नाटके बसवणारी मंडळे संहितांसाठी एकदम तुटून पडतात. त्याआधी ही साइट एचटीटीपीएसवर आणायचीच आहे. पणजीला शिकायला राहणारी आमची मुले कुठल्याही फुकट वायफायवरून पासवर्ड टाकतात, आणि तो पासवर्ड तारेवरून उघडा जातो. हे असेच चालू देणे मला पटत नाही.

त्याच मशीनवर टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचे एन्क्रिप्शन, का नाही, असे कोणी विचारेल. ओपनएसएसएलच्या त्या आवृत्तीची देखभाल २०१६ अखेर थांबली, आणि टीएलएस १.३ तिला येतच नाही. लिनक्स नवे टाकावे तर प्रोग्राम नव्या पीएचपीवर उभा राहत नाही. म्हणून जुने मशीन आत ठेवून पुढे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक लावला आणि त्यावर पाऊंड हा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या मागण्या घेऊन आतल्या सर्व्हरला देणारा प्रोग्राम) बसवला. बाहेरचे ४४३ (एचटीटीपीएसचे पोर्ट) पाऊंड घेतो, उलगडतो आणि साधे एचटीटीपी करून आतल्या मशीनला देतो. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे. सूचीची पाने झकास उघडतात. अडचणी दोन आहेत.

पहिली: लॉगिनचे पान उघडले की ब्राउझर म्हणतो, फार वेळा इकडून तिकडे पाठवले जात आहे. प्रोग्राममध्ये ‘लॉगिन फक्त एचटीटीपीएसवर’ अशी सेटिंग आहे. ती बंद केली तर पान उघडते, पण फॉर्मचा पत्ता एचटीटीपीने सुरू होतो, मग फोन ‘सुरक्षित नाही’ म्हणून ओरडतो.

दुसरी मला जास्त छळते. चुकीचा पासवर्ड लागोपाठ पडला की प्रोग्राम तो आयपी पत्ता काही वेळ बंद करतो. आता त्याला सगळे सभासद पायच्याच पत्त्यावरून, १९२.१६८.१.५ वरून, आलेले दिसतात. एका आजोबांचा पासवर्ड चुकला आणि सगळ्या गावाचे लॉगिन बंद पडले.

पाऊंड सोडून हिच किंवा स्टनल घ्यावे का? ते याहून हलके आहेत असे वाचले.

मांडवीकाठ:

हिच-स्टनलकडे जाऊ नका. ते टीएलएसचा लिफाफा फोडतात, आतले एचटीटीपी वाचत नाहीत, त्यामुळे त्यात हेडर (मागणीसोबत जाणारी माहितीची ओळ) घालू शकत नाहीत. मूळ पत्ता ते प्रॉक्सी प्रोटोकॉलने (जोडणीच्या सुरुवातीलाच पत्ता सांगण्याच्या पद्धतीने) पुढे देऊ शकतात, पण अपाचीला तो समजतो २.४.३१ पासून. तुमची पीएचपी-ओपनएसएसएलची जोडी पाहता तुमची अपाची त्याआधीची असणार.

लॉगिन फिरते कारण अपाचीला मागणी साध्या एचटीटीपीने मिळते. प्रोग्राम म्हणतो, एचटीटीपीएसवर जा. ब्राउझर तिथेच असतो, पुन्हा मागतो, पाऊंड पुन्हा साधे करून देतो. पाऊंडच्या लिसनएचटीटीपीएस भागात अ‍ॅडहेडरने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो: एचटीटीपीएस’ घाला. बाहेरून कोणी तेच हेडर पाठवले तर हेडरिमूव्हने आधी काढून टाका. मग अपाचीत सेटएनव्हइफ वापरा: या हेडरची किंमत एचटीटीपीएस असेल तर ‘एचटीटीपीएस’ हे व्हेरिएबल ‘ऑन’. पीएचपी तेच बघते, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

पत्त्यासाठी पाऊंड एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे मूळ पत्त्यांच्या यादीचे हेडर आपोआप पाठवतो. अपाचीचे रिमोटआयपी मॉड्यूल चालू करा, रिमोटआयपीहेडरमध्ये ते नाव द्या, आणि रिमोटआयपीइंटर्नलप्रॉक्सीमध्ये फक्त १९२.१६८.१.५. अख्खे लॅन (आतले नेटवर्क) लिहू नका. मॉड्यूल यादी शेवटाकडून वाचते आणि पहिल्या अविश्वासू पत्त्यावर थांबते, त्यामुळे कोणी पुढे खोटे पत्ते चिकटवले तरी चालत नाहीत. लॉगफॉरमॅटमध्ये ‘टक्के एच’च्या जागी ‘टक्के ए’ लिहा, नाहीतर लॉगमध्ये पायचाच पत्ता दिसत राहील.

सर्वात महत्त्वाचे: जुन्या मशीनच्या फायरवॉलमध्ये ८० नंबरचे पोर्ट पायखेरीज सगळ्यांना बंद करा. नाहीतर वाचनालयाच्या वायफायवर बसलेला कोणीही पाऊंडला वळसा घालून थेट अपाचीशी बोलेल, आणि ते हेडर स्वतःच लिहून पाठवेल.

जाता जाता: पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनची खास सोय नाही. चाचा२० या दुसऱ्या एन्क्रिप्शनवर ठेवा आणि सर्टिफिकेट आरएसए किल्लीऐवजी ईसीडीएसए किल्लीचे घ्या, फरक जाणवेल.

धागाकर्ता:

देव बरे करो! लॉगिन सुरू झाले, आणि लॉगमध्ये प्रत्येकाचा खरा पत्ता दिसतोय. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकत राहिलो तेव्हा माझाच फोन बंद झाला, शेजारच्या ताईंचे लॉगिन चालू राहिले. आता एकच: ८० पोर्ट पाऊंडने सगळेच एचटीटीपीएसवर वळवले, तर साइट आमचीच आहे ना, ही ८० पोर्टवरून होणारी लेट्स एन्क्रिप्टची तपासणी कशी होणार?

मांडवीकाठ:

वळवले तरी तपासणी वळणामागे येते, पण तो रस्ता वेगळा ठेवलेला बरा. लिसनएचटीटीपीमध्ये आधी ‘वेल-नोन’खालच्या ‘अ‍ॅकमे-चॅलेंज’ची सर्व्हिस लिहा, तिला पायवरच्याच सर्टबॉटकडे (सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामकडे) पाठवा, रिडायरेक्ट तिच्या खाली. आणि पाऊंडला किल्ली व सर्टिफिकेटची साखळी एकाच पेम फाइलमध्ये लागते. ९० दिवसांच्या आत सर्टिफिकेट नवे होईल, तेव्हा ती फाइल पुन्हा जोडून पाऊंड रीस्टार्ट करणारी ओळ सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये टाका. फाइल वाचायचा हक्क फक्त रूटला.