माळ्यावरचा जुना स्टिरिओ रिसीव्हर: दुरुस्त करावा, की आतले सर्व काढून टाकावे?

साखरपेठकर:

नमस्कार. माझे थोरले काका १९७९ साली कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी सोबत एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेली पेटी, आणला होता. ॲल्युमिनियमची दर्शनी पट्टी, लाकडी कवच, दर चॅनेलला (डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी) ४० वॅट आणि फिरवताना हाताला जड लागणारे ट्यूनिंगचे मोठे चाक. काकांच्या पश्चात तो जवळपास २५ वर्षे सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर पडून होता. घराला रंग देण्याच्या निमित्ताने गेल्या महिन्यात तो खाली आला. वडील बराच वेळ त्याचे चाक नुसतेच फिरवत बसले, आणि ते पाहिल्यावर तो पुन्हा वर ठेवणे मला जमले नाही.

मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका २२० वर आहे, एवढे पाहून मी तो थेट सुरू केला. उजव्या स्पीकरमधून आवाज आला, डावा मात्र मुका राहिला. आवाजाचे बटण फिरवले की खरखर होते आणि डायलमागचे दिवे लागत नाहीत. दहा मिनिटांत मी तो बंद केला. एका मेकॅनिकला दाखवला असता त्यांनी सांगितले की, इतक्या जुन्या सर्किटचे भाग आता मिळत नाहीत, तेव्हा आतले सारे काढून ब्लूटूथचा नवा ॲम्प्लिफायर बोर्ड बसवावा. खर्च कमी आहे, पण मन तयार होत नाही. वडिलांना त्यांच्या शंभरेक एलपी आणि आकाशवाणी, एवढेच ऐकायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना सोल्डर:

आतले काहीही काढू देऊ नका आणि तो पुन्हा थेट विजेवर लावू नका. या दोन गोष्टी आधी सांगतो, कारणे नंतर.

अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आला आणि दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून सलग मिळणारी शक्तीच वॅट म्हणून सांगणे कंपन्यांना भाग पडले. त्यामुळे त्या बाजारपेठेसाठीही बनलेल्या त्या काळातील रिसीव्हरचे ४० वॅट हे खरोखरच ४० वॅट असतात, आणि पेटी उचलताना जे वजन जाणवते, त्यातला मोठा वाटा ती शक्ती पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. बोटभर बोर्डावर शेकड्यांनी वॅट छापलेले असले, तरी त्यामागे तेवढा वीजपुरवठा नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

भाग मिळत नाहीत, हेही सरसकट खरे नाही. अशा रिसीव्हरमध्ये प्रामुख्याने सुटे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. वयोमानाने खराब होतात ते मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कारण त्यांच्यातील द्रव हळूहळू सुकतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे, १०५ अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान सोसणारे नवे कपॅसिटर आजही सहज मिळतात.

सुरू करण्याची रीत अशी आहे. स्पीकर काढून ठेवा. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब, एलईडी नव्हे, रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यात सिरीजमध्ये, म्हणजे रिसीव्हरला जाणारी वीज बल्बमधूनच जाईल असा, जोडून घ्या. हे काम विजेच्या कामाची सवय असलेल्या माणसानेच करावे. सुरू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर आत मोठा शॉर्ट नाही असे समजावे. प्रखर पेटतच राहिला, तर तत्काळ बंद करावे. त्यानंतर पूर्ण व्होल्टेजवर, स्पीकर जोडण्यापूर्वी, मल्टिमीटरने दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे) व्होल्टेज मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर गेले तर आधी दुरुस्ती. हे मोजमाप टाळू नका. आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि संरक्षण करणारा रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा खटका) वेळेवर सुटला नाही, तर डीसी थेट स्पीकरमध्ये जातो आणि त्याचे कॉइल जळते.

तबकडी:

वरील सर्व मान्य आहे, पण कपॅसिटर सरसकट बदलण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. पन्नास ठिकाणी डाग देताना जुन्या बोर्डाचे तांब्याचे पट्टे उखडलेले मी पाहिले आहेत. मोजून जो खराब निघेल तोच बदलावा.

आपला डावा स्पीकर मुका असण्याचे कारण बहुधा मळ हेच असेल. अनेक वर्षे न हललेल्या खटक्यांच्या आणि स्पीकर रिलेच्या संपर्कबिंदूंवर काळा थर चढतो. वीज काढून, आतले मोठे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबून, व्हॉल्यूम, बॅलन्स आणि प्रत्येक खटक्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा सोडावा आणि ते वीस-पंचवीस वेळा फिरवावेत. ‘टेप मॉनिटर’चे (जोडलेल्या टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकण्याचे) बटण आत दाबलेले राहिले, तर दोन्ही बाजूंचा आवाज बंद होतो, हेही लक्षात असू द्यावे.

एक कळकळीची विनंती: डायलची काच स्पिरिटने पुसू नका. तिच्या मागील बाजूस छापलेले आकडे कापसाबरोबर निघून येतात आणि ते परत मिळत नाहीत. माझ्या रिसीव्हरच्या काचेवरचा ९६ ते १०० हा भाग असाच गेला, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर कोणता आहे, तेही पाहावे. रिसीव्हरचे ‘फोनो’ इनपुट मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी (कार्ट्रिज म्हणजे प्लेअरच्या दांडीवरचा सुई बसवलेला भाग) असते. ते दोन-तीन मिलिव्होल्टचा सिग्नल अनेक पटींनी मोठा करते आणि तबकडी कापताना कमी केलेला खर्ज परत भरून काढते. आपल्याकडच्या अनेक जुन्या सुटकेसवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा सिग्नल कितीतरी मोठा असल्याने फोनोमध्ये तो फाटून ऐकू येतो. त्यासाठी ‘ऑक्स’, म्हणजे इतर उपकरणांसाठीचे साधे इनपुट वापरावे. मॅग्नेटिक असेल, तर त्याची सुटी अर्थची तार रिसीव्हरमागच्या स्क्रूला घट्ट बांधावी, नाहीतर घुमणारा ‘हम्’ येत राहतो.

हातमाग:

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. यंत्रमागांमुळे इकडे सुताची बारीक धूळ फार असते आणि ती हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. मऊ ब्रशने ती काढावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो, म्हणून रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नये आणि वरच्या जाळीवर एलपी किंवा भरतकामाचा रुमाल ठेवू नये. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकताना खरखर आली, तर घरातील एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून पाहावे. एफएमसाठी मागच्या ३०० ओहमच्या टर्मिनलला चपट्या तारेचा टी आकाराचा ॲंटेना लावून तो भिंतीवर आडवा ताणावा.

साखरपेठकर:

सर्वांचे मनापासून आभार. रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या, ओळखीच्या एका वयस्क काकांकडे रिसीव्हर नेला. सिरीज बल्ब मंद झाला. डीसी डावीकडे १८ आणि उजवीकडे २३ मिलिव्होल्ट भरले. रिलेचे संपर्कबिंदू आणि खटके साफ करताच डावा स्पीकर बोलू लागला. फोनोच्या बोर्डावरचे चारच कपॅसिटर बदलावे लागले. डायलमागचे फ्यूजच्या आकाराचे दिवे त्यांच्या जुन्या डब्यात सापडले, त्यामुळे एलईडी बसवण्याची वेळ आली नाही आणि तो निळसर उजेड होता तसाच परत आला.

प्लेअरचे कार्ट्रिज सिरॅमिकच निघाले, म्हणून सध्या तो ‘ऑक्स’वर जोडला आहे; त्यात खर्ज थोडा कमी वाटतो. आता मॅग्नेटिक कार्ट्रिज असलेला, चालू स्थितीतील प्लेअर शोधत आहे. काल रात्री वडिलांनी आकाशवाणी लावली आणि बातम्या संपल्यावरही चाकावरचा हात काढला नाही. सोलापुरात किंवा पुण्यात असा प्लेअर कोणाकडे असल्यास कृपया येथेच कळवावे.