मदत हवी आहे : जुन्या टर्नटेबलचं अँटीस्केट, उजव्या बाजूला ‘स’ फाटतोय

नमस्कार मंडळी,

सत्तरच्या दशकातलं बेल्ट ड्राइव्हचं टर्नटेबल आहे. अँटीस्केट (वाजताना टोनआर्म मधल्या बाजूला ओढला जातो, त्याला उलट बाहेर खेचून तोलणारी सोय) दोरा-वजनवालं : टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बारीक दांडीवर खाचा, त्यातल्या एकीत नायलॉनच्या दोऱ्याचा फास, दोरा तारेच्या कडीवरून खाली आणि टोकाला चिमुकलं वजन. मॅन्युअल नाही.

कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग) एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची, सुई लंबवर्तुळाकार आणि नवी. ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा दाब) १.७५ ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजलेला. पाणसळ लावून पातळी बघितली, दोरा काढून आर्म तरंगता केला, मग वजन दिलं, प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) कार्ट्रिज जुळवली. म्हणजे नेहमीचे सोपस्कार झालेत, कृपया पुन्हा तिथूनच सुरुवात नको!

रेकॉर्डच्या एका बाजूचं पहिलं गाणं झकास वाजतं. शेवटच्या गाण्यात मात्र ‘स’ आणि ‘श’ उजव्या स्पीकरमधून खरखरीत येतात, डावा स्वच्छ. अँटीस्केट कमी पडलं की सुई चराच्या (रेकॉर्डवर कोरलेल्या रेषेच्या) आतल्या, म्हणजे मध्याकडच्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. बाहेरची भिंत म्हणजे उजवं चॅनल, त्यामुळे संशय तिथेच आहे.

घोळ असा की चर नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर दुसऱ्या खाचेत आर्म जागच्या जागी राहतो. कानाला तिसरी, जास्त ओढीची खाच बरी वाटते. कोणाचं ऐकायचं?

प्रतिसाद १

कानाचं. गुळगुळीत तबकडीवर सुईचं फक्त टोक टेकतं. चरात ती दोन्ही बाजूंच्या ४५ अंशांच्या भिंतींवर बसते, घर्षणाचं गणितच वेगळं. त्यात संगीत जोरात असेल तर ओढ वाढते, म्हणजे एकच एक अचूक आकडा नसतोच. सुईच्या आकारानेही फरक पडतो. ड्युअलच्या काही जुन्या टर्नटेबलांवर गोल आणि लंबवर्तुळाकार सुईसाठी वेगळ्या मोजपट्ट्या छापलेल्या असायच्या त्या उगाच नाही. शेवटच्या गाण्यातला सर्वात जोरकस भाग लावा आणि दोन्हीकडचा ‘स’ सारखा होईल तिथे थांबा.

थोडी खरखर दोन्हीकडे उरली तर अँटीस्केटला दोष देऊ नका. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर सुईखालून चर बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंमी सरकतो, शेवटी जेमतेम २१. तेवढ्या जागेत ‘स’ कोंबलेला असतो.

प्रतिसाद २

खाचेआधी दोष कुठे आहे ते नक्की करा. मोनो रेकॉर्ड लावा. दोन्ही भिंतींवर एकच आवाज कोरलेला असतो, त्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक लगेच कळतो. मग हेडशेलमागच्या (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागामागच्या) वायर डाव्या-उजव्या अदलाबदल करा (लाल-हिरवी उजवी, पांढरी-निळी डावी, चिमटा हलक्या हाताने, पिना तुटतात). खरखर डावीकडे गेली तर दोष सुई-चराकडे, उजवीकडेच राहिली तर पुढे वायरिंग किंवा अँप.

आणि आर्म जागच्या जागी राहिला म्हणजे तोल जमला असं नाही. दोरा कडीवर अडकत असेल तरी आर्म राहतोच! बोटाने किंचित आत ढकलून सोडा, मग किंचित बाहेर. दोन्ही वेळा सोडला तिथेच चिकटून बसला तर घर्षणाचा संशय घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वायर बदलल्यावर खरखर डावीकडे गेली, अँप सुटला. चिकटण्याचं निदान तर अगदी बरोबर : भिंगातून बघितलं तर कडीवर गंजाचा खडबडीत ठिपका आणि दोरा तिथेच घासून केसाळ झालेला. कडी पॉलिश केली, मासेमारीची सर्वात बारीक दोरी लावली, वायर पूर्ववत केल्या. आता गुळगुळीत तबकडीवर दुसऱ्या खाचेत आर्म हळूहळू आत सरकतो, पूर्वी तो नुसता अडकून बसायचा. तिसऱ्या खाचेत नव्या रेकॉर्डचा ‘स’ दोन्हीकडे सारखा.

एक जुनी, वापरलेली रेकॉर्ड मात्र अजूनही उजवीकडेच फाटते, कोणतीही खाच लावा. तिची बाहेरची भिंतच झिजली असं समजायचं का? की वेगळ्या आकाराची सुई चराच्या न झिजलेल्या भागाला टेकून थोडं निभावून नेईल? कोणी करून बघितलं असेल तर सांगा.